चार वर्षांच्या लेकीला इमॅजिकात नेताना

प्रश्न : भुसावळहून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला जायचं आहे. मुलगी चार वर्षांची. मे महिन्यात रात्रीच्या गाडीने निघून एका दिवसात परतता येईल का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, एका दिवसाचा हट्ट सोडा. कल्याणला उतरून खोपोली लोकल पकडेपर्यंतच लेकरू पेंगतं आणि दुपारी रांगेत रडतं. आदल्या रात्री खोपोलीत मुक्काम करा. शक्य असल्यास मे टाळून डिसेंबर-जानेवारीत जा.

निघण्यापूर्वी चप्पल काढून, भिंतीला टाच टेकवून मुलीची उंची मोजा. राइडवर प्रवेश वयावर नाही, उंचीवर मिळतो. सुरक्षा दांडा लहान अंगावर घट्ट बसत नाही, म्हणून तिथे विनवणी करूच नका. तिला चालतील त्या राइड आधी निवडा, गर्दी वाढण्याआधी सकाळीच उरका. दुपारी दोन तास सावलीत विश्रांती हवीच.

दशम्या-चटणी गाडीतच संपवा, बाहेरचा डबा सहसा आत नेऊ देत नाहीत. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. कमी पाण्यात घट्ट केलेलं मुलाला बाधतं. फ्रॉकच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाइल नंबर लिहून ठेवा.