कॅटफिश गाईड व्हायचंय: नशिबाचा वाटा नेमका किती?

प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षं सुटीच्या दिवशी नदीवर कॅटफिश धरता, मित्रांना नेलं की बहुतेक वेळा मासे लागतात, आता पैसे घेऊन लोकांना न्यायचा विचार आहे. पण नाव झालेल्या गाईडांचे फोटो बघून वाटतं, यात निम्मं तरी नशीबच असणार. मग नोकरी सोडावी की नाही?

"सगळी मेहनत" म्हणणाऱ्याने हिशेब ठेवलेला नसतो आणि "सगळं नशीब" म्हणणाऱ्यानेही नसतो. म्हणून आधी हिशेब.

समजा तुमची सरासरी फेरीमागे दोन मासे आहे. प्रत्येक मासा आपापला येऊन लागतो असं धरलं, तर साध्या संभाव्यतेच्या गणिताने दर सात-आठ फेऱ्यांतली एक पूर्ण कोरडी जाणार. त्या दिवशी तुमचं काहीही चुकलेलं नसतं. सरासरी तीनवर नेलीत तर वीस फेऱ्यांत एक कोरडी, चारवर नेलीत तर पन्नास-पंचावन्न फेऱ्यांत एक. प्रत्यक्षात मासे घोळक्याने फिरतात, पाणी बिघडलं की सगळ्यांचं तोंड एकदम बंद होतं, त्यामुळे कोरडे दिवस या आकड्यांपेक्षा जास्तच येतात. तरी कल तोच राहतो. नशीब कुठे जात नाही, सरासरी वाढली की त्याच्या हातात कमी उरतं. आणि दोनाची सरासरी चारवर नेणं हे पूर्णपणे कष्टाचं काम आहे.

ही सरासरी "आज मस्त लागले" अशी मोजायची नाही, रॉड-तासांत मोजायची. सहा रॉड पाच तास पाण्यात म्हणजे ३० रॉड-तास. पाच मासे लागले तर सहा रॉड-तासांना एक. वहीत तारीख, पाण्याचं तापमान, पातळी चढती की उतरती, धरणातून सोडलेलं पाणी, खोली, आमिष, नांगर टाकल्यापासून पहिल्या चाव्यापर्यंतची मिनिटं एवढे रकाने पुरे. कोरड्या दिवसाची नोंद सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक टाळतात. अशा पन्नासेक नोंदी झाल्याशिवाय स्वतःच्या कौशल्याबद्दल मत बनवू नका, चांगलंही नको आणि वाईटही नको.

सगळ्यात मोठा मासा हे तर मोजमापच नाही. फ्लॅटहेड या कॅटफिशच्या एका जातीचा जागतिक विक्रम १२३ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ५६ किलोंचा. १९९८ साली कॅन्ससमधल्या एल्क सिटी जलाशयात तो लागला, तेव्हा गळ टाकला होता क्रॅपी या छोट्या माशासाठी! विक्रम असे होतात. धंदा असा चालत नाही.

आता सरासरी वाढते कशाने, ते बघू. पहिलं उत्तर आमिष. दुसरं आणि तिसरंही खरं तर आमिषच. ब्लू कॅटफिशसाठी त्याच पाण्यातला ताजा शॅड किंवा हेरिंग जातीचा मासा, फ्लॅटहेडसाठी जिवंत मासा, चॅनल कॅटफिश त्यामानाने काहीही खाते. गोठवलेला शॅड चालतो, पण वितळल्यावर मऊ पडतो, गळावरून निसटतो, आणि त्याचं रक्त आधीच निघून गेलेलं असतं. म्हणून गाईडचा दिवस पाहुणे येण्याच्या दोन तास आधी, अंधारात पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) फेकण्याने सुरू होतो. पागाची त्रिज्या आठ ते दहा फूट असावी. जाळं पाण्यात झपकन बुडायला हवं. काठाची शिशं हलकी असली तर जाळं मिटायच्या आत शॅड खालून पळतात. मोठ्या शॅडसाठी डोळा मोठा घ्या, कारण बारीक डोळ्याचं जाळं सावकाश बुडतं; पण फार मोठा घेतला तर लहान शॅड डोळ्यात माना अडकवून मरतात आणि ते सोडवण्यात पहाट जाते.

शॅड जिवंत ठेवणं हा वेगळाच उद्योग आहे. टाकी गोल हवी. चौकोनी टाकीत ते कोपऱ्यात नाकं आपटत राहतात. नाक लाल झालेला शॅड दिसला की समजायचं, तासाभरात तो पोट वर करणार. दर १०० लिटर पाण्याला अर्ध्या किलोच्या आसपास बिनआयोडीनचं मीठ, हवेचा सतत पुरवठा आणि दाटी नको. पहिल्या अर्ध्या तासात शॅड खवले टाकतात, घाण करतात, वर फेस येतो. तेव्हा निम्मं पाणी बदलायचं. नळाचं पाणी थेट ओतलंत तर क्लोरीन सगळे एका दमात मारतं. कापताना डोकं वेगळं करा, धडाचे दोन अंगठे रुंदीचे तुकडे करा. मोठ्या ब्लू कॅटफिशला डोक्याचा तुकडा आवडतो, आणि बारके मासे तो सहज कुरतडून पळवू शकत नाहीत.

गळ ८/० ते १०/० मापाचा सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ. इथे एक बारीक गोष्ट जवळून बघा: गळाचं टोक आणि दांडी यांच्यामधली फट मोकळी राहिली पाहिजे. तुकडा गळावर गच्च दाबून बसवला की फट भरते, गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यावरून वळण्याऐवजी घसरून बाहेर येतो. तुकड्याच्या कडेला एकदाच टोचा, टोक उघडं ठेवा. पाऊण ते एक हात लांबीचा ५० ते ८० पौंड ताण सोसणारा मोनो लीडर (गळाला बांधायचा एकपदरी नायलॉनचा तुकडा), वर फिरकी, तिच्यावर मणी, मग दोरीवर मोकळं सरकणारं शिसं. धार किती आहे त्यावर शिसं ८५ ते २३० ग्रॅम. शिसं तळाशी टिकत नसेल तर आमिष गडगडत जाऊन ओंडक्यात अडकतं. दर दहा मिनिटांनी गळ अडकतोय म्हणून जागेला शिव्या घालण्याआधी शिसं वाढवून बघा.

सर्कल हुकला झटका द्यायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पाहुण्याला माहीत नाही. गाईडच्या बोटीवर मासे सुटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. टोक थरथरलं की माणूस रॉड होल्डरमधून उपटतो, हिसका देतो, मासा गेला. म्हणून बोट काठावर असतानाच करून दाखवायचं: रॉड होल्डरमध्येच राहू दे, तो पूर्ण वाकून पाण्याकडे झुकला की हँडल फिरवायला लाग, उचलायचं नंतर. पाहुण्याकडून दोनदा करून घ्या. या दोन मिनिटांच्या शिकवणीने मोसमभरात जेवढे मासे वाचतात, तेवढे महागड्या रॉडने वाचत नाहीत.

जागा. डोहाच्या पोटात नांगर टाकणारे पुष्कळ. खाणारा मासा बहुधा डोहाच्या वरच्या ओठावर, जिथे उथळ तळ खाली उतरायला लागतो तिथे, किंवा धारेच्या कडेला संथ पाण्याच्या शिवेवर असतो. त्या ओठाच्या वीस-तीस मीटर वरच्या अंगाला नांगर टाका आणि आमिषाचा वास धारेबरोबर खाली जाऊ द्या. सहा मीटर खोली असेल तर ३० ते ४० मीटर दोर सोडा, नांगराला दोन-तीन मीटर साखळी जोडा, आणि बोट नेहमी नाळेकडूनच, म्हणजे पुढच्या टोकाकडूनच, बांधा. मागून बांधलेल्या बोटीत धारेचं पाणी मागच्या कडेवरून आत येतं आणि बोट मिनिटांत बुडते. यात कुठलाही अपवाद नाही.

नांगर खडकात अडकणारच. त्यासाठी साखळी नांगराच्या खालच्या टोकाला बांधायची, दांडीवरून वर आणायची आणि वरच्या कडीला प्लॅस्टिकच्या पट्टीने नुसती धरायची. अडकला की जोर लावा. पट्टी तुटते, ओढ खालच्या टोकावर येते आणि नांगर उलटा निघतो. पट्टी फार जाड घेतली तर तुटत नाही, फार बारीक घेतली तर प्रत्येक लाटेला तुटते. आपल्या बोटीची पट्टी शोधायला चार-पाच फेऱ्या जातात.

नांगर टाकून अर्ध्या तासात चावा नाही, तर उठा. इथे आळस होतो, कारण सहा रॉड गोळा करून नांगर ओढणं कंटाळवाणं असतं. उन्हाळ्यात जलाशयात मासा एका जागी नसेल तर ताशी अर्धा ते सव्वा किलोमीटर वेगाने वाहत जात आमिष तळावरून ओढा, लीडरवर गळापासून वीतभर अंतरावर छोटा तरंगा लावला की आमिष तळापासून उचललेलं राहतं. उन्हाळ्यात सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) पाण्याच्या मधोमध धूसर पट्टा दिसला तर त्याच्या खाली गळ सोडू नका. तो थंड आणि गरम पाण्याच्या थरांमधला पट्टा असतो, आणि उन्हाळाभर साचून राहिलेल्या खालच्या थरात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. तिथे कितीही चिकाटी दाखवली तरी फुकट.

मोसमाचंही तसंच. पाणी २४ अंशांच्या आसपास पोचलं की वीण सुरू होते, नर कपारीत, पोकळ ओंडक्यात घरटं राखत बसतात आणि खाणं मंदावतं. याच आठवड्यांत नवे गाईड "नशीब फिरलं" म्हणतात. थंडीत फ्लॅटहेड जवळपास निपचित होतो, ब्लू कॅटफिश मात्र खात राहतो. नदी चढायला लागली की मासे काठाकडे, नव्याने बुडालेल्या गवतात सरकतात. उतरायला लागली की भराभर परत. गेल्या आठवड्यातल्या जागेवर हट्टाने बसणारा माणूस कष्टाळू असेल, पण कष्ट चुकीच्या जागी चालले आहेत.

मोठा मासा पाण्यात परत सोडा. ब्लू कॅटफिश वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. आज मारलेला ३० किलोंचा मासा पुढच्या अनेक मोसमांतल्या पाहुण्यांचा होता. बिनगाठीचं जाळं, ओले हात, पोटाखाली आधार, फोटो अर्ध्या मिनिटात. जबड्याला धरून उभा लटकवू नका.

आता जे शिकवणीत नसतं ते. गाईडचा निम्मा दिवस माशांचा नसतो. ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस नसतं आणि ते रस्त्यातच जळतं. बोटीच्या बुडाचं बूच लावायचं राहतं. बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्यूज उडालेला असतो, आणि ते कळतं तेव्हा पाणी घोट्याला लागलेलं असतं. जास्तीचं बूच, प्रॉपेलर, फ्यूज, दुसरा पंप, इंजिनाची वेगळी बॅटरी हे सगळं बोटीवरच हवं. इंधन एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका, पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी. फेरी रद्द कोण करणार, आगाऊ रकमेचं काय होणार, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. वादळाच्या सकाळी फोनवर घातलेला वाद दोघांनाही महाग पडतो. मासे कमी लागलेल्या दिवशीचा फोटोही टाका. फक्त मोठ्या माशांचे फोटो बघून आलेला माणूस चार मध्यम मासे धरूनही नाराज जातो. फोटोत मागचा पूल किंवा ओळखू येणारा काठ मात्र येऊ देऊ नका.

आणि हो, परवाना. नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत तटरक्षक दलाच्या अखत्यारीतल्या पाण्यावर मोटरबोटीतून पैसे घेऊन माणसं न्यायची तर सहा प्रवाशांपर्यंतच्या परवान्यालाही बोटीवरचा ३६० दिवसांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यातले ९० दिवस गेल्या तीन वर्षांतले. बऱ्याच राज्यांत गाईडचा परवाना त्याशिवाय वेगळा असतो. विमाही काढून ठेवा.

मग नशीब कुठे आहे? आहेच की. घरापासून तासाभरावर मोठ्या माशांची नदी असणं हे नशीब. तुमच्या पहिल्याच मोसमात पूर न येणं हे नशीब. जवळच्या जुन्या गाईडने काम थांबवणं आणि त्याची गिऱ्हाइकं मोकळी होणं हेही. घरात दुसऱ्याचा पगार येत असणं तर फार मोठं नशीब, आणि त्याचा उल्लेख कुणीच करत नाही. कष्टाळू माणसंही दुसऱ्या वर्षी हा धंदा सोडतात, ती बहुतेक वेळा मासे न लागल्यामुळे नाही. दोन महिने नदी गढूळ राहिली आणि बोटीचा हप्ता थांबला नाही, म्हणून.

तेव्हा नोकरी आत्ता सोडू नका. पुढच्या मोसमात चाळीस फेऱ्या करा, त्यातल्या निदान पंधरा अशा करा की बोटीवर अनोळखी, कधी गळ न धरलेले लोक असतील आणि तुम्ही स्वतः एकही रॉड हातात घेणार नाही. मित्र रॉडला हात कधी लावायचा ते जाणतात. त्यांच्याबरोबरची सरासरी फसवी असते. अनोळखी लोकांबरोबरचे रॉड-तास वेगळे मोजा. दोन्ही आकडे आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी शिल्लक आहे का, एवढं घेऊन या, मग पुढचं बोलू.