चिवडा, भाजणी, बेसन लाडू यांच्यासाठी पुठ्ठ्याचा बॉक्स कसा डिझाईन करावा?

तुम्ही लिहिलंय की घरी केलेला चिवडा, थालीपीठ भाजणी, बेसन लाडू आणि नानखटाई छापील बॉक्समध्ये विकायचीय, पण सॅम्पल म्हणून करून घेतलेल्या बॉक्सच्या कोपऱ्यातून भाजणी गळतेय, चिवड्याचा बॉक्स फुगतोय, लाडवांचा चुरा होतोय आणि प्लास्टिक शक्यतो नकोय. मी भोसरीला मोनो कार्टनच्या (एकाच थराच्या पुठ्ठ्याच्या छापील बॉक्सच्या) कारखान्यात बॉक्सचा आराखडा काढायचं काम करतो (आमच्याकडे त्याला केएलडी म्हणतात, बॉक्स पूर्ण उलगडून सपाट केल्यावर जो आकार दिसतो ना तो), त्यामुळे रंग, फॉन्ट, लोगो यातलं मला विचारू नका, बाकी सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करा, पुठ्ठा खाऊ टिकवत नाही. पुठ्ठ्यातून दमट हवा आरामात आत जाते, आणि तूप-तेल त्याच आरामात बाहेर येतं. नुसत्या बॉक्समध्ये भरलेला चिवडा पावसाळ्यात बघता बघता सादळणार, आणि लाडवाच्या बॉक्सला बाहेरून तुपाचे डाग दिसणार, मग त्यावर कितीही भारी छपाई करा. टिकवायचं काम आतल्या पाउचचं, आणि बॉक्सचं काम आकार धरून ठेवणं, दाब घेणं आणि आतला माल हलू न देणं. लोक बरोबर उलटं करतात, आधी सुंदर बॉक्स छापून आणतात आणि मग त्यात मावेल असं पाउच शोधत बाजारात फिरतात. आधी पाउच ठरवा, त्यात माल भरा, सील करा, आणि त्या भरलेल्या पाउचवरून बॉक्सचं माप घ्या. ही आयडिया काही आजची नाही, अमेरिकेत १८९८ मध्ये नॅशनल बिस्किट कंपनी उभी राहिली तोवर तिकडे क्रॅकर बिस्किटं दुकानातल्या पिंपातून सुटी विकायचे, मऊ पडलेली आणि अर्धी चुरा झालेली, मग त्या कंपनीने पुठ्ठ्याच्या खोक्यात मेणकागदाचं अस्तर घालून बिस्किटं विकली आणि धंदाच बदलून टाकला. आज मेणकागदाच्या जागी पाउच आलंय, बाकी तत्त्व तेच.

प्लास्टिक अजिबात नको असेल तर ग्रीसप्रूफ किंवा ग्लासीन कागद मिळतो, पण तो तेल अडवतो, दमटपणा नाही. लाडू, नानखटाई आठ-दहा दिवसांत संपणार असेल तर चालेल. चिवडा आणि भाजणी दोन महिने टिकवायची म्हणाल तर मला तरी प्रामाणिकपणे हो म्हणता येणार नाही, तिथे पातळ का होईना फिल्म लागतेच. भाजणीसाठी अजून एक पर्याय आहे, आतून फॉइल लावलेला गोल कागदी डबा, पण महाग पडतो. आणि बॉक्सवरून वरून पारदर्शक फिल्म गुंडाळायचा विचार असेल (अनेकांना ते 'प्रीमियम' वाटतं) तर मिठाईच्या बॉक्सभोवती गुंडाळायची फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत आहे, तिकडे जाऊच नका.

आता गळतीकडे येऊ. तुमचा सॅम्पल बॉक्स मी पाहिलेला नाही पण बहुतेक वर-खाली झाकण आत खोचायचं अशा टाईपचा असणार, टूथपेस्टचा असतो तसा, त्याला टक-इन म्हणतात. त्याचं झाकण उघडून कोपरा उजेडाकडे धरून बघा, बारीक भोक दिसेल. ते भोक ही कारागिराची चूक नाहीये, ते ठेवावंच लागतं, कारण बाजूचे दोन छोटे फ्लॅप आणि वरचा मोठा फ्लॅप एकमेकांना न अडकता दुमडायचे तर मध्ये मिलिमीटरभर मोकळीक लागते, आणि भाजणीला, रव्याला, शेंगदाण्याच्या कुटाला मिलिमीटर म्हणजे सताड उघडं दार. तळाला एकमेकांत अडकवायचा लॉक असेल (स्नॅप लॉक) तर अजून वाईट, त्यात कोपऱ्यांसोबत मधोमध पण फट असते. क्रॅश लॉक म्हणजे आधीच चिकटवून आलेला, उघडला की आपोआप बसणारा तळ, तो वजनाला एकदम मस्त पण बारीक दाण्याला तो पण गळतोच. दाणेदार मालाला खरा बॉक्स एकच, सील एंड, म्हणजे वर-खाली चारही फ्लॅप डिंकाने चिकटवलेले आणि बाहेरचे दोन मोठे फ्लॅप एकमेकांवर पूर्ण रुंदीने चढलेले. पुठ्ठा वाचवायला काही जण फ्लॅप अर्धेच ठेवतात, मधोमध कडेला कड लागते, तसं करू देऊ नका. आणि उभा जोड असतो ना, त्यावरचा डिंक वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सलग लागलाय का बघा, बऱ्याचदा मशीनवर दोन्ही टोकांना चार-पाच मिलिमीटर कोरडं सुटतं आणि लोक तळाला दोष देत बसतात, गळत असतं जोडातून.

आतमध्ये सीलबंद पाउच असेल तर यातलं निम्मं टेन्शन जातं, हे खरंय. पण पाउचचं सील कधीतरी सुटतं, आणि सुटलं की दुकानदाराच्या फळीवर भाजणीची रांगोळी, मग तो तुमचा माल परत ठेवत नाही. म्हणून निदान तळ तरी चिकटवलेला घ्या, वर टक-इन चालेल. घरच्या घरी तपासायचं तर काळ्या कागदावर बॉक्स ठेवा, आत पाउच न घालता थेट बारीक रवा भरा, चारही बाजूंवर पाच-पाच मिनिटं आडवा करून टेबलावर हलके आपटा. रवा नेमका कुठे सांडला ते कागदावर दिसतं, त्या जागेवर पेनाने खूण करून बॉक्सवाल्याला दाखवा, तो पुढे वाद घालणार नाही.

फुगण्याचं कारण वेगळंय. दाणेदार माल पाण्यासारखाच बाजूला रेटतो, आणि भिंत जितकी रुंद तितकं पोट जास्त सुटतं. जाड पुठ्ठा घेतला की झालं असं सगळ्यांना वाटतं, मी म्हणतो त्याआधी ग्रेन बघा. पुठ्ठा बनताना त्यातले धागे मशीनच्या दिशेने झोपतात, त्या दिशेला तो कडक असतो आणि आडव्या दिशेला लेचापेचा. बॉक्स उभा ठेवल्यावर ही कडक दिशा बॉक्सभोवती आडवी गेली पाहिजे, म्हणजे उभ्या घड्यांना काटकोनात, तर पोट कमी सुटतं. ओळखायचं कसं, तर एकाच शीटमधून एक उभी आणि एक आडवी अशा सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, टोकाला चिमटीत एकत्र धरा, जी जास्त वाकेल ती ग्रेनच्या आडवी. बॉक्सवाला शीटमध्ये एक-दोन नग जास्त बसतात म्हणून आराखडा नव्वद अंशात फिरवून टाकतो, तुम्हाला रेट कमी देतो आणि तुम्ही खूश होता, मग बॉक्स फुगतो. ऑर्डर देतानाच केएलडीवर ग्रेनचा बाण काढून घ्या. जीएसएमचं (एक चौरस मीटर पुठ्ठ्याचं ग्रॅममधलं वजन) म्हणाल तर पाव किलोला साधारण ३०० आणि अर्धा किलो ते किलोला ३५० ते ४०० असं मी धरतो. आणि एक, चिवड्याचं पाउच सील करताना आत हवा जास्त राहिली तर ते फुगलेलं पाउचच भिंतींना बाहेर ढकलतं, तिथे पुठ्ठ्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

माप काढताना वजनावर जाऊ नका, जागेवर जा. लिटरच्या भांड्यात चिवडा न दाबता काठोकाठ भरा आणि वजन करा, मग तेच भांडं टेबलावर वीस-तीस वेळा आपटून जी जागा झाली ती परत भरा आणि पुन्हा वजन करा. समजा पहिल्यांदा १६० ग्रॅम बसला आणि नंतर २०० (तुमचा आकडा वेगळा येईल, पोहे पातळ की जाड, त्यावर आहे), तर २५० ग्रॅमला भरताना दीड लिटरहून जरा जास्त जागा लागणार आणि ट्रकमधून हादरे खाऊन दुकानात पोचेपर्यंत तोच माल सव्वा लिटरवर बसणार. म्हणजे गिऱ्हाईक उघडतं तेव्हा वरचा भाग रिकामा, आणि ते म्हणतं कमी भरलाय. यावर उपाय एवढाच की भरताना पाउच दोन-तीनदा आपटून मग सील करायचं आणि बॉक्स बसलेल्या मालाच्या मापाने करायचा. चिवड्यात अजून एक गंमत होते, हादऱ्यांनी तीळ, मीठ, मसाला आणि डाळं खाली जातं आणि पोहे वर राहतात, त्यामुळे पहिली वाटी फिक्की आणि शेवटची खारट. उंच अरुंद बॉक्सपेक्षा बसका बॉक्स घेतला तर हे कमी जाणवतं, आणि बॉक्सवर 'उघडण्याआधी हलवा' एवढं छापायला वेगळे पैसे पडत नाहीत.

लाडू आणि नानखटाईचं दुखणं उलटं आहे, तिथे माल बॉक्सला ढकलत नाही, बॉक्स मालाला मारतो. ठिसूळ वस्तू आपटल्यामुळे फुटते तेवढीच घासून पण झिजते, हलायला जागा मिळाली की लाडवाचा पीठ-पीठ चुरा तळाशी जमतो. लाडू कागदी वाटीत ठेवा, मध्ये पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचं पार्टिशन द्या, आणि उंची अशी ठेवा की वर बटर पेपर ठेवून झाकण लावलं की ते लाडवाला नुसतं टेकेल. दाबलं तर चपटा होणार, मोकळं राहिलं तर नाचणार. नानखटाई एकावर एक तीन-चार थर रचण्यापेक्षा एकाच थरात आडवी ठेवा, बॉक्स मोठा दिसला तरी चालेल. झाकणाला पारदर्शक खिडकी हवी असते सगळ्यांना, पण खिडकीमुळे नेमकी वरची भिंत कमकुवत होते आणि चुरा झाला तर तो पण दिसतो, माझं मत विचाराल तर नानखटाईला खिडकी नकोच. तसंच भाजणीच्या बॉक्सला ओतायचं तोंड द्यायची हौस सोडून द्या, आपल्याकडे भाजणी घरी आल्या आल्या डब्यात ओतली जाते, त्या तोंडाचे डायचे (पुठ्ठा कापायच्या साच्याचे) पैसे वाया.

पुठ्ठा कुठला, तर मागून करडा असलेला ड्युप्लेक्स स्वस्त पडतो पण तो रद्दीपासून बनतो आणि जुन्या वर्तमानपत्राच्या शाईतली खनिज तेलं त्यात राहतात, ती वाफेच्या रूपाने कोरड्या खाऊत उतरतात. झुरिकच्या सरकारी प्रयोगशाळेने २०१० च्या सुमारास हे दाखवल्यावर युरोपात बराच गदारोळ झाला होता. साधी पॉलिथिनची पिशवी हे अडवत नाही, पॉलिएस्टर किंवा फॉइलचा थर अडवतो. त्यामुळे एकतर तसं पाउच घ्या नाहीतर नव्या लगद्याचा पांढरा बोर्ड घ्या, एफबीबी म्हणून मागा. छापलेली बाजू खाऊला लागता कामा नये आणि शाई आयएस १५४९५ (खाऊच्या पॅकिंगवरच्या शाईचं भारतीय मानक) प्रमाणे हवी, हे एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा खातं) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांतच आहे, बॉक्सवाल्याकडून शाईचं सर्टिफिकेट मागून घ्या, देतात.

बाहेरच्या खोक्याबद्दल थोडक्यात. कुरिअरला पाठवायचं असेल तर कॉरुगेटेड खोक्यात बॉक्स गच्च बसले पाहिजेत, आणि खोक्याच्या पन्हळी उभ्या हव्यात. रचताना खोक्यावर खोकं कोपऱ्याला कोपरा जुळवून सरळ रचा, विटांसारखी सांधेमोड करून नको, खोक्याची ताकद कोपऱ्यातच असते. पावसाळ्यात तीच ताकद दमट हवेने खूप कमी होते, कोकणात माल जाणार असेल तर तीन प्लायऐवजी (थरांऐवजी) पाच प्लाय घ्या.

छपाईला देण्याआधी केएलडीवर दोन जागा कोऱ्या ठेवायला सांगा. एक चिकटवायची पट्टी, तिच्यावर शाई, वॉर्निश किंवा लॅमिनेशन आलं की डिंक धरत नाही, आणि जोड नंतर गोदामात आपोआप उकलतो. दुसरी म्हणजे बॅच नंबर, तारीख आणि किंमत मारायची चौकट, तिथे पण वॉर्निश नको, नाहीतर शिक्का बोटाने पुसला जातो. सुरुवातीला हजारभर बॉक्सच्या आत काम असेल तर ऑफसेटच्या प्लेटा करूच नका, कोरे पांढरे बॉक्स पंच करून घ्या आणि लेबल चिकटवा, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत मापं बदलतातच. बॉक्सची आतली मापं नेहमी लांबी, रुंदी, उंची या क्रमाने आणि मिलिमीटरमध्ये द्या, आणि भरलेलं पाउच सोबत घेऊन जा, कोरा डमी बनवून त्यात ते बसवून बघितल्याशिवाय डायचे पैसे देऊ नका.