फ्रान्समध्ये प्लाझ्मा २२ मिनिटं टिकला, मग दिवसभर का टिकवता येत नाही? नेमकं अडतं कुठे?

तुम्ही म्हणताय तो विक्रम कादाराशच्या 'वेस्ट' टोकामॅकचा: १२ फेब्रुवारी २०२५, १,३३७ सेकंद. (टोकामॅक म्हणजे अणुसंमीलनासाठी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकी क्षेत्रात कोंडणारं कड्याच्या आकाराचं यंत्र.) पण नुसत्या घड्याळावर जाऊ नका. जपानच्या छोट्या 'ट्रायम-१एम'ने २००३ मध्येच पाच तासांच्या वर प्लाझ्मा धरला होता, फक्त तो फारच विरळ होता. उलट ब्रिटनच्या 'जेट'ने २०२३ मध्ये ड्युटेरियम-ट्रिटियम (हायड्रोजनची जड रूपं) हे इंधन वापरून ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढली, तीही पाचेक सेकंदांत. दोन्ही एकत्र जमणं, खरी मेख तिथे आहे.

मी काही वर्षं टोकामॅकच्या मोजमाप-यंत्रणेवर काम केलंय, त्यामुळे पहिली अडचण माझ्या जवळची. प्लाझ्मा कोंडून ठेवायला त्याच्यातूनच लाखो अँपिअरचा प्रवाह वाहावा लागतो. तो यंत्राच्या मधल्या तारेच्या वेटोळ्यामुळे (सोलेनॉइडमुळे) निर्माण होतो, अगदी ट्रान्सफॉर्मरसारखा. प्लाझ्मा म्हणजे त्याची दुसरी गुंडाळी (सेकंडरी). सोलेनॉइडमधला प्रवाह सतत बदलता राहिला तरच हे चालतं, आणि त्याला कधीतरी मर्यादा येतेच. म्हणून लांब शॉटमध्ये (यंत्र एकदा चालवणं म्हणजे एक शॉट) सूक्ष्मलहरी सोडून इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेला रेटतात. तेव्हा सगळ्यांची नजर लूप व्होल्टेजच्या, म्हणजे सोलेनॉइड प्लाझ्मात निर्माण करतो त्या विद्युतदाबाच्या, रेषेवर असते. ती शून्याकडे उतरली की समजायचं, लहरींनी भार उचलला.

दुसरी अडचण भिंतीची, आणि माझ्या मते हीच जास्त चिवट. उष्णता जिथे बाहेर पडते त्या डायव्हर्टरवर दर चौरस मीटरला १० मेगावॉटपर्यंत मारा होऊ शकतो. आधी तिथे कार्बन वापरत. पण तो इंधन शोषून बसतो, आणि ट्रिटियम भिंतीत अडकणं परवडणारं नाही. म्हणून टंगस्टन आलं. ते वितळतं ३,४२२ अंश सेल्सिअसला, पण त्याचे लाखात मोजके अणू जरी गाभ्यात शिरले तरी ते प्रकाश आणि क्ष-किरणांच्या रूपात ऊर्जा उधळून प्लाझ्मा थंड करतात. शिवाय शॉट लांबला की भिंतीवर साचलेल्या थराची कपची सुटते. कॅमेऱ्यात लखलखता ठिपका दिसतो आणि कधी कधी काही मिलिसेकंदांत खेळ खलास! (जर्मनीच्या 'वेंडेलस्टाइन ७-एक्स'सारख्या स्टेलरेटरला (पिळदार चुंबकांनीच प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्राला) तो आतला प्रवाह लागत नाही, पण भिंत काही चुकत नाही.)

आणि दिवसभराचं म्हणाल, तर फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय टोकामॅकचं ५० मेगावॉट तापनशक्ती देऊन ५०० मेगावॉट काढण्याचं उद्दिष्टसुद्धा सुमारे ४०० सेकंदांचंच आहे.