एलूल म्हणजे नक्की काय? हिब्रू महिन्यांच्या नावांबद्दल

प्रश्न असा होता की हिब्रू महिन्यांचे, म्हणजे ज्यू कॅलेंडरमधल्या महिन्यांचे, जे 'आध्यात्मिक अर्थ' सगळीकडे फिरत असतात, म्हणजे एलूल = 'मी माझ्या प्रियकराची आणि तो माझा', मार्हेश्वान = 'कडू हेश्वान' वगैरे, ते त्या शब्दांचे खरे अर्थ आहेत का.

व्युत्पत्ती विचाराल तर नाही. ही नावं मुळात हिब्रूच नाहीत, बाबिलोनची आहेत. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, महिन्यांना बहुतेक नुसते नंबर आहेत, पहिला, दुसरा, सातवा, आणि अवीव हे एक जुनं नाव; झिव, एतानीम, बूल ही आणखी तीन जुनी नावं पुढे राजांच्या पुस्तकात सापडतात. इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडलं, लोकांना बाबिलोनला नेलं, आणि परतताना ते तिथल्या महिन्यांची नावं घेऊन आले, हे खुद्द जेरुसलेमच्या तालमूदमध्येच, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, लिहून ठेवलंय. तम्मूझ तर सरळ मेसोपोटेमियातल्या देवाचं नाव, ज्याच्यासाठी बायका मंदिराच्या दारात रडत बसल्यात म्हणून बायबलमधला संदेष्टा यहेज्केल संतापतो, आणि तेच नाव आज ज्यू कॅलेंडरमध्ये आहे.

पण म्हणून ते आध्यात्मिक अर्थ खोटे असं मी म्हणणार नाही, ते शब्दाच्या मुळात नाहीत, नंतर वापरातून चढलेत एवढंच. एलूल बघा, तिश्रीच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या महिन्याच्या, आधीचा महिना. हिब्रूत लिहिताना अक्षरं येतात आलेफ, लामेद, वाव, लामेद. आता बायबलमधल्या गीतरत्न या प्रेमकाव्यातली ओळ घ्या, 'अनी लेदोदी वेदोदी ली', म्हणजेच 'मी माझ्या प्रियकराची आणि तो माझा', चार शब्द, आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर तेच, त्याच क्रमाने. शिवाय चारही शब्द योद या अक्षराने संपतात, हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते, योदची १०, म्हणजे चार योदचे ४०, आणि एलूलच्या सुरुवातीपासून योम किप्पूरपर्यंत, म्हणजे तिश्रीतल्या प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत, दिवस ४० धरतात, मोशे (मोझेस) लोकांसाठी क्षमा मागायला पुन्हा सिनाय डोंगरावर गेला ते दिवस. या महिन्यात पहाटे उठून सलीहोत म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना म्हणायच्या. शेकडो वर्षं लोक हे मनापासून करत आलेत, मग एलूल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात 'देवाकडे परत फिरणं' हेच येणार, आणि माझ्या मते त्याला अर्थच म्हणायचं.

मार्हेश्वानचं मात्र मला तितकं पटत नाही. 'मार' म्हणजे कडू, कारण या महिन्यात एकही सण नाही, ही गोष्ट गोड आहे, पण त्यासाठी शब्द चुकीच्या जागी तोडावा लागतो. मूळ अक्कादी, म्हणजे जुन्या बाबिलोनच्या भाषेतलं, 'वरह शमनू', म्हणजे आठवा महिना. तिकडे व आणि म ची अदलाबदल व्हायची, त्यामुळे वरहचं मरह झालं आणि शमनचं श्वन, झाला मरह-श्वन! नुसतं 'हेश्वान' म्हणतात तेव्हा त्यातला सुरुवातीचा 'ह' म्हणजे खरं तर 'वरह' (महिना) या शब्दाचं उरलेलं शेपूट असतं. तिश्रीचं याच्या उलट आहे, त्याचा अक्कादी अर्थच 'सुरुवात', मोजणीत तो सातवा असला तरी ज्यूंचं नवं वर्ष तिथेच सुरू होतं, त्यामुळे तिथे व्युत्पत्ती आणि भाव एकत्र येतात.

बाकी अक्षर, रास, शरीराचा अवयव असे जे तक्ते दिसतात त्यांची मुळं सेफेर येत्सिरा या जुन्या ग्रंथात आहेत, १२ अक्षरं, १२ महिने, १२ राशी, १२ अवयव. ती वेगळी परंपरा, तिला शब्दार्थ समजू नका.

आणि मराठीत हा विषय निघाला की बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, विसरून कसं चालेल? या मंडळींनी जुन्या काळी सणांना आणि उपासांना आपली नावं दिली होती, तिश्रीतल्या वर्षारंभाला नव्याचा सण, एलूलमधल्या उपासांना चक्क रमजान. आव महिन्याच्या ९ तारखेला, म्हणजे जेरुसलेमची दोन्ही मंदिरं उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा जो उपास असतो, त्याचं नाव बिरड्याचा रोजा. इतर ज्यूंमध्ये या उपासाच्या आधीच्या जेवणात मसूर किंवा उकडलेलं अंडं खायची चाल आहे, दोन्ही सुतकातलं अन्न, कोकणात तिथे मोड काढून सोललेल्या वालांचं बिरडं आलं.