घरातलं सामान टाकवत नाही. यावर मदत करणारा थेरपिस्ट जवळपास कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की एका खोलीचं दार आता पूर्ण उघडत नाही, घरी कुणी येणार म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि हिंमत करून दोन ठिकाणी फोन केला तर एकाने ‘हे आम्ही करत नाही’ म्हटलं आणि दुसऱ्याने साफसफाईवाल्यांचा नंबर दिला. मी पाच वर्षांपूर्वी याच वाटेने गेले आहे. मी डॉक्टर नाही. दार न उघडणाऱ्या खोलीची मालकीण होते, तेव्हा हे पेशंटच्या बाजूने लिहिलेलं उत्तर समजा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. या त्रासाला इंग्रजीत ‘होर्डिंग’ म्हणतात. मी पहिल्यांदा फोन केला आणि ‘होर्डिंगचा त्रास आहे’ असं म्हटलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, “जाहिरातीचं होर्डिंग का? कुठे लागलंय?” मी ‘सॉरी, राँग नंबर’ म्हणून फोन ठेवला आणि पुढचे तीन महिने कुठेच केला नाही. मराठीत ‘साठेबाजी’ शोधायला जाल तर व्यापाऱ्यांवरच्या धाडींच्या बातम्या मिळतील. म्हणून नाव सांगण्याऐवजी त्रास सांगा: वस्तू टाकून देता येत नाहीत, टाकायचा विचार केला तरी घाबरायला होतं, आणि आता घरातल्या जागा ज्यासाठी आहेत त्यासाठी वापरता येत नाहीत. डॉक्टरांशी किंवा थेरपिस्टशी थेट बोलताना मात्र ‘होर्डिंग डिसऑर्डर’ हे पूर्ण नाव घ्या. २०१३ साली डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही तो आहे, ६बी२४ या क्रमांकाने. मला त्या क्रमांकाने फार धीर दिला. आळशीपणाला कुणी क्रमांक देत नाही.

२०१३ हे साल थेरपिस्ट शोधतानाही कामाला येतं. त्याआधी हा त्रास ओसीडीचाच (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजाराचा) एक प्रकार धरला जायचा. त्यामुळे ‘फक्त होर्डिंग’ पाहणारं कुणी जवळपास नसलं, तरी ओसीडीवर काम करणाऱ्या आणि सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) येणाऱ्या माणसाने असा एखादा तरी पेशंट पाहिलेला असण्याची शक्यता बरीच असते. शोध तिथून सुरू करा. पण एक फरक त्यांना ठाऊक आहे का, ते बघा. ओसीडीत मनात येणारा विचारच छळतो. आपल्याला वस्तू छळत नाही, उलट हातात धरली की बरं वाटतं. छळ सुरू होतो तो ती सोडायची वेळ आली की. ओसीडीसाठी ठरलेली पद्धत जशीच्या तशी लावली तर ती इथे तितकी चालत नाही. पसाऱ्यासाठी वेगळी सीबीटी आहे. तिची मांडणी अमेरिकेतल्या रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी या दोघांच्या कामातून उभी राहिली. तिच्यात वर्गवारी, निर्णय घेण्याचा सराव, नवीन वस्तू घरात आणण्याचा मोह आवरणं आणि घरी जाऊन केलेलं काम, हे सगळं येतं.

आता फोनवर काय विचारायचं ते. मी सहा जणांशी बोलले. शेवटी शेवटी मला पहिल्या दोन मिनिटांतच कळायला लागलं होतं. पहिला प्रश्न साधा: असा पेशंट आधी पाहिलाय का? ‘नाही’ म्हटलं तरी लगेच काट मारू नका. ‘नाही, पण मी वाचून घेईन, जाणकाराचा सल्ला घेईन’ म्हणणारा माणूस ‘हो हो, सगळं करतो आपण’ म्हणणाऱ्यापेक्षा बरा. दुसरा प्रश्न: तुम्ही घर बघणार का, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर? हा सगळ्यात महत्त्वाचा. क्लिनिकच्या खुर्चीत बसून मी वर्षभर अतिशय समंजस बोलू शकले असते आणि घरी एक कागदही हलला नसता. तिसरा प्रश्न: माझ्या परवानगीशिवाय एखादी वस्तू टाकाल किंवा घरच्यांना टाकायला सांगाल का? याचं उत्तर एका शब्दात ‘नाही’ असं आलं पाहिजे. ‘परिस्थितीवर अवलंबून’ आलं की आभार मानून फोन ठेवा.

हे इतकं ठासून सांगायचं कारण आहे. मी आठवडाभर बाहेरगावी असताना घरच्यांनी प्रेमापोटी एक खोली रिकामी करून ठेवली. परत आले तर चकचकीत फरशी. मी त्या फरशीवर बसून रडले आणि दोन दिवस कचऱ्याच्या पिशव्या कुठे गेल्या ते शोधत फिरले. वर्ष व्हायच्या आत खोली पहिल्यापेक्षा जास्त भरली, आणि खोलीला कुलूप लागलं ते वेगळंच. या आजारावर काम करणारे लोक जबरदस्तीच्या साफसफाईविरुद्ध बोलतात ते याचसाठी. सामान जातं, पण निर्णय घ्यायची ताकद तेवढीच राहते आणि विश्वास संपतो. आग किंवा पडझडीचा धोका असेल तर गोष्ट निराळी. तिथे आधी वाट आणि दार मोकळं करायचं, पण तेही तुमच्या देखत.

मी आधी जिच्याकडे गेले ती बाई वाईट नव्हती. तिने मला रोज दहा वस्तू टाकायचा तक्ता दिला. मी पाच दिवस तक्ता भरला, सहाव्या दिवशी तक्ताच पसाऱ्यात हरवला. तो अजून सापडलेला नाही.

ज्यांच्याकडे टिकले त्यांनी पहिल्याच भेटीनंतर सांगितलं, “पुढच्या वेळी घरातून एक पिशवी भरून आणा. निवडू नका, समोर येईल ते भरा.” मी कागदांची पिशवी नेली. त्यांनी ती टेबलावर ओतली नाही. मला एकेक कागद काढायला सांगितला. पहिलं निघालं ते मिक्सरचं वॉरंटी कार्ड. मिक्सर जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी ‘टाका’ म्हटलं नाही. विचारलं, “हे टाकलं तर काय होईल असं वाटतं? शून्य ते दहामध्ये किती भीती?” मी आठ म्हटलं. मलाच हसू आलं, पण आठच होती. मग आम्ही ते कार्ड टेबलाच्या कडेला ठेवून नुसते बसून राहिलो. मी कारणं सांगत गेले: यावर दुकानाचा शिक्का आहे, कधी लागलं तर, आणि शेवटी, हा मिक्सर आईने निवडला होता. दहा मिनिटांनी आठाचे पाच झाले. त्या तासात सात कागद झाले. सात! बाहेर पडले तेव्हा मी अशी दमले होते जशी ट्रक रिकामा केला असावा.

त्यांनी नंतर एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या डेव्हिड टोलिन यांच्या गटाने २०१२ साली तो प्रसिद्ध केला. लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून कागद ठेवायचा की फाडायचा, हे ठरवायला लावलं. होर्डिंग असलेल्यांचा मेंदू स्वतःच्या कागदांवर ठरवताना अतोनात खवळायचा, दुसऱ्याच्या कागदांवर मात्र शांत असायचा. मला माझंच कोडं सुटल्यासारखं वाटलं. मैत्रिणीचं कपाट मी तासाभरात लावून देते, आणि माझा एक खण तीन वर्षं तसाच.

चांगला थेरपिस्ट ओळखायची आणखी एक खूण म्हणजे तो मोजमाप करतो. नऊ-नऊ फोटोंचा एक संच असतो: बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, रिकाम्यापासून छतापर्यंत भरलेल्यापर्यंत. आपल्या घराशी जुळणारा फोटो निवडायचा. चार किंवा त्यापुढचा असेल तर मदत घेण्यासारखी स्थिती मानतात. मी चार निवडला. मग त्यांनी माझ्या फोनमधले फोटो पाहिले आणि काही न बोलता सहावर बोट ठेवलं. पसाऱ्यात राहून राहून आपल्याला तो दिसेनासा होतो, म्हणून बाहेरचे डोळे लागतात.

जवळपास कुणीच नसलं तर? व्हिडिओवर चालतं, माझी निम्मी सेशन तशीच झाली. फोन शेल्फवर टेकवायचा आणि त्या चौकटीत दिसेल तेवढ्याच भागावर काम करायचं. मानसोपचार विभाग असलेल्या शिकवणाऱ्या रुग्णालयात चौकशी करा, तिथे नवे आजार शिकायची हौस जास्त असते. अशाच त्रासातल्या लोकांनी एकत्र येऊन चालवलेल्या गटांचाही उपयोग होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

मानसोपचारतज्ज्ञाला, म्हणजे औषध देऊ शकणाऱ्या डॉक्टरला, एकदा तरी भेटा. खास या आजारासाठी मंजूर झालेलं औषध नाही, पण सोबत नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं जड जाण्याचा त्रास) असणं फार आढळतं आणि त्यावर उपचार झाले की हे काम हलकं होतं. माझं नैराश्य होतं. मला वाटायचं पसाऱ्यामुळे उदास आहे, ते दोन्हीकडून होतं. तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात वयस्कर माणसाने कधी नव्हे ते अचानक साठवायला सुरुवात केली असेल, तर थेरपिस्टच्या आधी न्यूरॉलॉजिस्ट. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत असं होतं.

वेळेचं म्हणाल तर मूळ पद्धतीत साधारण २६ सेशन धरतात. मला ४० लागली. दार आता पूर्ण उघडतं. कपाटाच्या वरचा भाग अजून तसाच आहे.

फोनवर बोलायला जड जात असेल तर हा मजकूर कॉपी करून तीन-चार जणांना पाठवा: ‘मला वस्तू टाकून देता येत नाहीत आणि घरातल्या काही जागा वापरता येत नाहीत. होर्डिंग डिसऑर्डर असावा असं वाटतं. आपण यावर सीबीटीने काम करता का? घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहाल का? माझ्या संमतीशिवाय काही टाकलं जाऊ नये, ही माझी अट आहे.’ सोबत फोटो पाठवायची लाज वाटत असेल तर त्या न उघडणाऱ्या दाराच्या फटीतून एकच काढा. मी तोच पाठवला होता.