चित्राखालची ओळ जरूर वाचा

प्रवासात पाहिलेली सगळ्यात मजेदार पाटी कोणती, असं तुम्ही विचारलंय. एकच निवडायची तर मी ऑस्ट्रेलियातल्या नलार्बर पठारावरची निवडेन.

तिथून आयर हायवे जातो. रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीवर उंट, वॉम्बॅट (बिळात राहणारा तिथला एक प्राणी) आणि कांगारू अशी तिघांची काळी चित्रं आहेत आणि खाली लिहिलंय, ‘पुढचे ९६ किमी’. बहुतेक लोक गाडी थांबवतात, फोटो काढतात, हसतात आणि निघतात. मीही हसलो. पण ऑस्ट्रेलियात उंट कुठून आला, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

एकोणिसाव्या शतकात, वाळवंटी भागात रेल्वे आणि रस्ते नव्हते तेव्हा, सामान वाहायला हे उंट बाहेरून आणले गेले. पुढे मोटारी आल्या, उंटांचं काम संपलं आणि बरेचसे मोकाट सोडून दिले गेले. आज दिसतात ते त्यांचे रानटी झालेले वंशज. पाटीवरच्या तिघांपासूनचा धोकाही वेगवेगळा. उंटाचे पाय उंच, त्यामुळे धडक बसली तर त्याचं सगळं धूड थेट समोरच्या काचेवर येतं. वॉम्बॅट बुटका आणि दणकट, अंधारात दिसतच नाही. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे जास्त हिंडतो आणि अचानक उडी मारून रस्त्यात येतो. त्या तीन चित्रांत ड्रायव्हरला हवी ती सगळी माहिती आहे! याच हायवेवर आणखी पश्चिमेला एक पाटी सांगते की पुढे १४६.६ किमी रस्ता सरळसोट आहे. एकही वळण नाही, याचीसुद्धा पाटी लागते हे मला फार आवडलं.

माझं मत असं की पाटीची खरी गंमत चित्रात कमी आणि खालच्या ओळीत जास्त असते. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये लाँगइयरब्येन गावाच्या वेशीवर लाल त्रिकोणात ध्रुवीय अस्वल आहे. त्याखाली लिहिलंय, ‘संपूर्ण स्वालबार्डसाठी लागू’. म्हणजे पुढचे दोन-चार किलोमीटर नव्हे, सुमारे ६१ हजार चौरस किमीचा अख्खा द्वीपसमूह! आणि ती शोभेची पाटी मुळीच नाही. वस्तीबाहेर पडताना अस्वलाला हुसकावण्याचं साधन जवळ ठेवणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. त्या पाटीपाशी फोटो काढायला गर्दी होते, पण तिथून पुढे वाटाड्याशिवाय जाऊ नका.

सिंगापूरच्या मेट्रोत तर खालची ओळ नसणं हीच गंमत. धूम्रपानाच्या चित्राखाली १,००० डॉलर दंड, खाण्यापिण्याखाली ५००, ज्वलनशील वस्तूंखाली ५,०००. शेजारी काटेरी डुरियन फळाचं चित्र, त्यावरही लाल फुली, पण खाली दंडाचा आकडाच नाही. बंद, वातानुकूलित डब्यात या फळाचा वास किती वेळ रेंगाळतो हे एकदा अनुभवलं की बंदी लगेच पटते. दंड का लिहिला नसावा, यावर मात्र आमच्या ग्रुपमध्ये पुढचं स्टेशन येईपर्यंत वाद चालला होता.

लडाखच्या रस्त्यांवर सीमा सडक संघटनेच्या पाट्या आहेत, त्यांत चित्रच नाही, सगळी मदार ओळीवर. ‘आफ्टर व्हिस्की, ड्रायव्हिंग रिस्की’ तुम्ही ऐकलं असेल. मला त्याहून ‘बी जेंटल ऑन माय कर्व्हज’ (माझ्या वळणांवर जरा जपून) आवडते, कारण ती वाचेपर्यंत वळण आलेलं असतं आणि ड्रायव्हरने वेग कमी केलेला असतो.