जपानी व्हीएफआर, 77 घोडे आणि तुमचे 3,400 पाउंड

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही बर्मिंगहॅमला नोकरीला, लायसन्स फुल, सेव्हिंग 6,000 पाउंड, महिन्याचा खर्च 1,300, आणि जपानहून आलेली 1994 ची होंडा व्हीएफआर 750 मोटरसायकल तुम्हाला 3,400 ला मिळतेय. विकणारा म्हणतो शंभर हॉर्सपॉवर आहे. घेऊ का?

घ्या, पण शंभर घोड्यांचा भाव देऊ नका. त्या काळात जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवून देशातल्या 750 सीसी गाड्यांना 77 पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) मर्यादा घातलेली, ती भानगड 2007 ला संपली. त्यामुळे युरोपात पाठवलेली व्हीएफआर शंभरच्या आसपास आणि जपानात विकलेली 77, आणि दिसायला दोघी जुळ्या बहिणी.

आधी फुकटातलं बघा. हँडल पूर्ण वळवून स्टीअरिंगच्या मानेवर टॉर्च मारा, तिथे आरसी36 (हा मॉडेलचा कोड) आणि डॅश देऊन सात आकडी नंबर असेल तर गाडी जपानी, एक्स्पोर्टवाल्या होंडावर जेएच2 ने सुरू होणारा 17 अक्षरी नंबर असतो. स्पीडोमीटर 180 किलोमीटरला संपतोय का तेही बघा, पण मीटर बदलता येतो, नुसत्या त्यावर जाऊ नका.

आता विकणाऱ्याचं "मी अनलॉक करून घेतलीय", म्हणजे 77 ची मर्यादा काढून घेतलीय, हे वाक्य. पॉवर कुठे दाबलीय त्यावर सगळा हिशोब आहे, कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराचं भोक बारीक केलेलं असेल तर काम स्वस्तात होतं, पण कॅमशाफ्ट, सायलेन्सर, इग्निशन बॉक्स वेगळे असले की जुने पार्ट शोधण्यातच माणूस कंगाल होतो. म्हणून बिल मागा, आणि डायनोवर (चाकावरची पॉवर मोजणारं मशीन) चढवा, खर्च तुम्ही द्या हवं तर. मागच्या चाकावर आकडा इंजिनपेक्षा दहा-पंधरा टक्के कमीच येतो, तेव्हा 85-90 आला तर माणूस खरं बोलतोय, 65-70 आला तर 77 वालीच, आणि त्याहून खाली असेल तर इंजिन थकलंय, सरळ निघून या.

माझं विचाराल तर 77 वालीच घ्या, 2,600 ला मागा. तिथल्या मोटरवेची मर्यादा 70 मैल, त्याला 77 घोडे भरपूर झाले (मी स्वतः 11 घोड्यांवर संसार केलाय). 3,400 दिले तर हातात 2,600 उरतात, म्हणजे जेमतेम दोन महिने, आणि टायर-चेन-इन्शुरन्स अजून बाकीच. इन्शुरन्सचं कोटेशन पैसे द्यायच्या आधी घ्या आणि इम्पोर्ट आहे, अनलॉक केलेली असेल तर तेही, दोन्ही स्पष्ट सांगा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कागद तुमच्यावर उलटतील.

आणि नंतर पुण्याला आणू वगैरे डोक्यातून काढा, तीन वर्षांहून जुनी सेकंडहँड गाडी सहसा भारतात आणता येत नाही. विकावी तिथेच लागणार, आणि तेव्हा घेणारा तुम्हाला तोच 77 चा प्रश्न विचारणार, म्हणून डायनोचा कागद जपून ठेवा.